छापण्यास हरकत नाही

माझ्या बॅटरीचं पेटंट नाकारलं गेलं, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. का नाकारलं गेलं, हे तिघांनाच ठाऊक आहे: मला, पप्पांना आणि माझ्या पेटंट एजंटला. बाकीच्यांना मी सांगते की परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने आधीच काढून ठेवलं होतं. हे उत्तर लोकांना आवडतं. परदेशापुढे हरलं तर कमीपणा वाटत नाही, उलट बरोबरी केल्यासारखं वाटतं. एका काकूंनी तर मला पेढा दिला होता.

खरं काय झालं ते इथे लिहिते. लिहून मन हलकं होतं असं म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. पण खोटं इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते मलाच खरं वाटायला लागलंय, आणि तसं होऊ द्यायचं नाही.

उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या दुकानामागे माझं टेबल होतं. पुढे ते बॅटरीचे सेल, वायरी आणि चार्जर विकायचे, मागे मी इलेक्ट्रिक रिक्षांचे पॅक दुरुस्त करायची. अशा पॅकमध्ये बोटाएवढे शेकडो सेल पातळ पट्ट्यांनी एकमेकांना वेल्ड केलेले असतात. त्यातले चार मेले की अख्खा पॅक लंगडतो. ते चार काढायचे तर पट्ट्या उचकटायच्या, आणि उचकटताना पक्कड जरा इकडची तिकडे झाली की ठिणगी. माझ्या डाव्या अंगठ्याशेजारी एक काळा डाग आहे, तो अशाच एका दुपारचा. डिप्लोमा करून, आठ वर्षं अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरी करून, शेवटी मी पट्ट्या उचकटत बसले होते. आणि पॅक घेऊन येणारा प्रत्येक रिक्षावाला आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, "भाई किधर है?"

माझी कल्पना साधी होती. पॅक एकसंध न करता जेवणाच्या डब्यासारखा खणाखणांचा करायचा. एक खण बिघडला तर तेवढाच ओढून काढायचा, दुसरा सरकवायचा, रिक्षा चालू. वांगणीचा एखादा गॅरेजवालाही ते करू शकला पाहिजे, वेल्डिंगशिवाय, माझ्याशिवाय. अडचण एकच होती. करंट चालू असताना खण ओढला तर तीच ठिणगी. मी स्क्रू लावून बघितले, स्प्रिंग लावून बघितल्या, आणि सहा-सात महिने नुसतं डोकं आपटून घेतलं.

पप्पा अंबरनाथला राहतात. तिथल्याच एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर त्यांना काम नव्हतं, म्हणून आठवड्यातून दोनदा ते माझ्यासाठी डबा घेऊन उल्हासनगरला यायचे आणि माझं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसायचे. एकदा असेच बसले असताना ते म्हणाले, "तायडे, स्क्रू कशाला? पाचर घाल ना."

मी म्हटलं, "पप्पा, ही बॅटरी आहे, सुताराचं काम नाही."

पुढच्या आठवड्यात डब्याच्या पिशवीतून त्यांनी पितळेची एक पाचर काढली. घरच्या गॅलरीत वस्तू घट्ट धरायचा व्हाइस बसवलेला आहे, त्यावर कानसून केलेली. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला खाच. ती फिरवल्याशिवाय खण हलत नव्हता, आणि ती फिरली की आधी जोड सुटत होता. म्हणजे करंट तुटल्याशिवाय खण बाहेर येणं शक्यच नाही. मी ती दहा वेळा घातली, दहा वेळा काढली. पप्पा रिकामा डबा पिशवीत भरत म्हणाले, "कड अजून थोडी मारायला पाहिजे. बोटाला लागेल." मग पुढचे दोन महिने मी मापं बदलली, प्लास्टिक बदललं, जोडांची रचना बदलली. कष्ट माझे होते, हे मी आजही भांडून सांगेन. पण पाचर पप्पांची होती.

पप्पांची एक सवय इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कारखान्यात हत्यारखोलीतून काही घ्यायचं तर खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला ठेवावा लागायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत. ड्रॉइंगचंही तसंच, सहीशिवाय कागद टेबलावरून उठत नसे. पप्पांनी हा कारखाना घरात आणला. कात्री घेतली तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवायचे, "कात्री माझ्याकडे." माझं कंपासपेटीतलं पेन्सिलीचं टोकयंत्र नेलं तरी चिठ्ठी. आई होती तेव्हा ती त्यांना चिडवायची, "मला पसंत करून नेलंत, तेव्हा माझ्या बापाकडे बिल्ला ठेवला होता का हो?" पप्पा गंभीरपणे म्हणायचे, "घड्याळ ठेवलं होतं." ते खरं होतं, लग्नाच्या बोलणीनंतर ते घड्याळ विसरून आले होते.

पॅक तयार झाला त्या वर्षी आमच्या वसाहतीच्या जयंती उत्सव समितीने माझा सत्कार करायचं ठरवलं. जयंतीला दरवर्षी स्मरणिका निघते. अर्ध्या पानांवर नगरसेवकांच्या शुभेच्छा, उरलेल्यांत दहावी-बारावीच्या मुलांचे फोटो, कोणाची कविता, आणि मधे एखादा लेख. पप्पा तिचं मुद्रितशोधन वर्षानुवर्षं करत आलेत. समितीने त्यांनाच सांगितलं, मुलीवर दोन पानं लिहा. ते महिनाभर लिहीत होते. मग एका दुपारी माझ्या ड्रॉइंगची झेरॉक्स घेऊन उल्हासनगरला आले. खण, जोड, पाचर, सगळं त्यात होतं.

"हे लेखात टाकू का?"

"टाका ना."

"असं नाही. सही कर. ड्रॉइंग तुझं आहे."

झेरॉक्सच्या खाली त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात आधीच लिहून आणलं होतं: छापण्यास हरकत नाही. मी फोनवर कोणाशी तरी सेलच्या मालावरून भांडत होते. फोन खांद्याला धरला, काळ्या बोटांनी सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो फुंकर मारून वाळवला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

पुढच्या दुकानात शेठ हे बघत होते. पप्पा गेल्यावर ते मागे आले. "बेटी, कागज पे कुछ मत रख. अपने धंधे में जो दिमाग में है, वही अपना है." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, यांना काय कळतंय, आयुष्यभर चार्जर विकले. आता लिहिताना वाटतं, सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोललेला तो एकच माणूस, आणि मी त्याच्याकडे चहाच्या भांड्यासारखं बघितलं.

सत्कार झाला. शाल, गुच्छ, टाळ्या. स्टेजवरच्या पाहुण्यांनी माझा उल्लेख "कर्तबगार भगिनी" असा केला आणि पुढची दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलले. स्मरणिका मी घरी, बदलापूरला आणली. हेंद्रेपाड्यातल्या माझ्या फ्लॅटवर जाऊन उघडली. माझा फोटो बघितला. नाकावर शाई जरा जास्त पडली होती. लेख वाचायला घेतला तर पहिलाच परिच्छेद मी सातव्या वर्षी घरातला रेडिओ कसा उघडला होता त्याचा. मला लाज वाटली. पप्पांचं हे नेहमीचंच, माझं बालपण लोकांना वाटत सुटायचं. मी पान मिटलं आणि स्मरणिका टीव्हीखाली टाकली.

मग पेटंटचं कळलं. जुन्या कंपनीतल्या एका मैत्रिणीने सांगितलं की आधी अर्ज कर, नाहीतर कोणी तरी उचलेल. ठाण्यात एक एजंट मिळाला. पप्पा सोबत आले, कारण मी कुठल्याही ऑफिसात एकटी गेले तर त्यांना घरी चैन पडत नाही. एजंट माझ्याशी बोलायचा आणि पप्पांकडे बघायचा. त्याने फॉर्म भरायला घेतला.

"हे आधी कुठे जाहीर केलंय का? छापलंय, दाखवलंय?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलावं म्हणून बोलले नाही. स्मरणिका म्हणजे छापणं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. छापणं म्हणजे पेपरात, मासिकात. स्मरणिका आमच्याकडे लोक स्वतःचा फोटो बघण्यापुरती उघडतात, आणि पुढच्या जयंतीपर्यंत ती फळीवर डब्यांखाली अंथरलेली असते.

"संशोधक कोण?"

"मी."

"एकट्याच? की साहेबांनी पण काही..." आणि त्याने पुन्हा पप्पांकडे बघितलं.

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. भाई किधर है, साहेबांनी मदत केली का, मिस्टर काय करतात, ही सगळी वर्षं एकदम डोळ्यांपुढे आली. "एकटीच," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण एजंटचं पेन थांबलं.

आणि पप्पा म्हणाले, "हो हो. तिचंच आहे सगळं."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी कोणत्या चेहऱ्याने ते म्हटलं, हे मला आजही माहीत नाही.

परीक्षकाचा अहवाल यायला बरेच महिने गेले. त्या माणसाला मी कधी बघितलं नाही, पण सासूने नव्या सुनेची पोळीची कणीक तपासावी तसा त्याने माझा अर्ज तपासला होता. खणाखणांचा पॅक? परदेशातल्या अमुक पेटंटमध्ये आहे. वेल्डिंगशिवाय दाबून बसणारे जोड? तमुकमध्ये आहेत. खण ओढायची मूठ, हवेची फट, झाकण, सगळं कोणी ना कोणी आधीच केलेलं. मी पंधरा दावे मांडले होते, ते लसूण सोलल्यासारखे एकेक गळून पडले. एजंट म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. एक गोष्ट कुठेच नाहीये. ती पाचर. आपण सगळा जोर तिच्यावर देऊ."

उत्तर मीच लिहिलं, एजंटने भाषा बसवली. तीन आठवडे मी रोज लिहीत होते की या पाचरीत नवं काय आहे, ती कोणालाही सहज का सुचली नसती, तिच्यामागे कोणती बुद्धी आहे. बुद्धी कोणाची ते लिहायचं नव्हतं, तो रकाना आधीच भरलेला होता. तेव्हाही पप्पांचं नाव घालण्यासाठी अर्ज करता आला असता. एजंटला एक फोन करायचा अवकाश होता. मी केला नाही. आधी वाटलं, आता मधेच बदललं तर संशय येईल. मग वाटलं, मंजूर होऊ दे, नंतर बघू. अंबरनाथच्या एका कारखान्याने पॅक बनवायची तयारी दाखवली होती, पण पेटंट हातात आल्यावरच. त्या कागदावर माझं सगळं अडलं होतं. पट्ट्या उचकटणं तरी सुटलं असतं.

आणि मग एजंटचा फोन आला. "मॅडम, एक हरकत आलीय. तुमच्या अर्जाला विरोध केलाय कोणी तरी. हे स्मरणिका काय प्रकरण आहे?"

समितीच्या पोरांनी हौसेने स्मरणिकेची अख्खी फाईल इंटरनेटवर टाकली होती. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही विरोध करू शकतो. कोणा तरी वकिलाच्या नावाने तो केलेला होता, मागे कोण होतं ते कधी कळलं नाही. त्याने पप्पांचा लेख जोडला होता, ड्रॉइंगसकट, आणि कामापुरता इंग्रजी अनुवाद. स्मरणिका माझ्या अर्जाच्या चार महिने आधीची. म्हणजे अर्ज केला त्या दिवशी पाचर नवी नव्हती. ती जगाला आधीच सांगून झाली होती, माझ्याच बापाच्या हाताने, माझ्याच सत्काराच्या दिवशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माझा संताप पप्पांवर निघाला. अंबरनाथला जाऊन मी त्यांना वाट्टेल ते बोलले. कोणी सांगितलं होतं लेख लिहायला, कोणी सांगितलं होतं ड्रॉइंग छापायला, मिरवायची इतकी हौस. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "तुला विचारलं होतं, तायडे." मी म्हटलं, "विचारलं होतं म्हणे!" आणि चप्पल घालून निघून आले.

एजंटने वाट काढली. कायद्यात एक सवलत आहे. संशोधकाकडून घेतलेली माहिती कोणी त्याच्या संमतीशिवाय छापली, तर ते छापणं संशोधकाच्या विरुद्ध जात नाही. "वडिलांनी तुम्हाला न विचारता छापलं, असं त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. घरातलीच गोष्ट आहे. ते देतील ना?"

"देतील," मी म्हटलं. विचार करायला क्षणही घेतला नाही.

एजंटने मजकूर करून पाठवला. माझ्या मुलीने तयार केलेले रेखाचित्र मी तिच्या नकळत तिच्या कपाटातून घेतले व तिच्या संमतीशिवाय प्रसिद्धीस दिले. मी तो अंबरनाथला नेला. पप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. आयुष्यात त्यांनी न वाचता कशावर सही केलेली नाही.

"कपाटातून लिहिलंय. तुझ्याकडे उल्हासनगरला कपाट कुठे होतं?"

"पप्पा, ते असंच लिहावं लागतं."

"बरं." मग जरा वेळाने, "तू लेख शेवटपर्यंत वाचला होतास का?"

"आता लेखाचं काय काढलंत!"

"नाही, शेवटची ओळ..."

"पप्पा, प्लीज. लेख वाचून दाखवू नका आता. तुमच्या त्या लेखानेच सगळं घालवलंय."

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी आम्ही उभे होतो. नोटरीने सवयीने विचारलं, "काका, वाचलंय ना? समजून सही करताय ना?" पप्पा म्हणाले, "समजून करतोय." त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि रजिस्टरमध्ये अंगठाही दिला. चालत येताना त्यांनी मला पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. "तायडे, साहेबाने पूर्ण लेख बघितला तर?" मी म्हटलं, "कोण बघतंय पप्पा, त्यांच्याकडे इंग्रजी अनुवाद आहे." मला वाटलं ते घाबरलेत. ते मला सावध करत होते, हे कळायला मला आणखी सहा आठवडे लागले.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी बदलापूरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला होता. पप्पा सकाळीच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी भिंतीला लागून बसले होते. पडद्यावर एजंट, विरोधी वकील आणि निर्णय देणारे कंट्रोलर, साधारण माझ्याच वयाचे. विरोधी वकील पंधरा मिनिटं बोलला. मग आमचा एजंट बोलला, आणि चांगला बोलला. वृद्ध पित्याचा भाबडा अभिमान, कायद्याचं अज्ञान, संमतीचा पूर्ण अभाव. मला पाचर मिळाल्यासारखी वाटायला लागली होती.

कंट्रोलर कागद चाळत होते. ते म्हणाले, अनुवादात लेखाचा काही भागच दिसतो, मूळ स्मरणिका त्यांनी उघडली आहे. मग ते एकदम मराठीत बोलले. "लेखाच्या शेवटी फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. मी वाचतो." आणि त्यांनी ती वाचली, सावकाश, शब्द न शब्द.

"सदर रेखाचित्र लेखकाच्या कन्येच्या लेखी परवानगीने येथे छापले आहे."

विरोधी वकिलाच्याही ती लक्षात आली नव्हती, त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. आमचा एजंट पाणी प्यायला. कंट्रोलरांनी विचारलं, "याबद्दल अर्जदारांना काही म्हणायचं आहे?"

पप्पांचा लेख शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस मुंबईच्या पेटंट ऑफिसात बसलेला होता. मी वाचला नव्हता. एजंटने वाचला नव्हता. समितीतल्या कोणी वाचला असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार होते?

लॅपटॉप मिटल्यावर मी पप्पांना म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगत होतो."

"मग सही का केलीत?"

"तू म्हणालीस म्हणून. मला वाटलं, तुला ती ओळ माहीत असेल, कायद्यात काही तरी असेल तसं." ते भिंतीकडे बघत होते. "आणि बापानेच चोरली म्हटल्यावर तुझं काम होत असेल तर होऊ दे, म्हटलं."

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. ती झेरॉक्स होती. त्यांचं वळणदार अक्षर, खाली माझी सही, सहीवर माझ्याच बोटाचा काळा ठसा. सुनावणीभर ती त्यांच्या खिशात होती. त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी ती दाखवली असती का, हे मी विचारलं नाही. विचारायची माझी लायकी नव्हती. "तुझा कागद तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. मी जेवून जा म्हटलं. त्यांना भूक नव्हती.

निकाल महिन्याभराने आला. अर्ज नामंजूर. अ‍ॅफिडेव्हिटबद्दल एकच वाक्य होतं, ते विचारात घेता येत नाही. खोटं असा शब्द त्यांनी वापरला नाही, तेवढे उपकार. अंबरनाथच्या कारखान्याने फोन घेणं बंद केलं. मी पुन्हा पट्ट्या उचकटते आहे, शेठच्या दुकानामागे, त्याच टेबलावर. शेठ एका शब्दाने टोचून बोलले नाहीत, त्याचाच जास्त राग येतो. परवा एका रिक्षात मी आमची पाचर बघितली, कोणी तरी ढोबळ करून बसवलेली, कड न मारलेली. रिक्षावाल्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

निकालानंतरच्या रविवारी मी अंबरनाथला गेले. पप्पा विहारात निघाले होते, मीही गेले त्यांच्याबरोबर. कितीतरी दिवसांनी गेले होते. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. पप्पांचा आवाज लहानपणापासून ओळखीचा, सगळ्यांच्या अर्धा श्वास पुढे असणारा. पहिलं शील झालं. दुसरं, दिलेलं नसेल ते घेण्यापासून दूर राहण्याचं, त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं. शेजारच्या काकांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्याने. तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तेव्हा पप्पा थांबले. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. लोक म्हणत राहिले. पाचव्याला ते पुन्हा सगळ्यांबरोबर आले.

त्या रविवारपासून ते चौथं म्हणत नाहीत. मी दोन वर्षं बघते आहे.

मी पाचही म्हणते. दुसरंसुद्धा म्हणते, त्यांच्या शेजारी बसून, आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात अजून माझं एकटीचंच नाव आहे.